गॅसचा हिशेब तपासणार कोण?

बँकेत नोकरीला लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवतात. व्हाउचर लिहिणारा एक, पास करणारा दुसरा. रक्कम शंभर रुपयांची असो की शंभर लाखांची, नियम बदलत नाही. लिहिणारा चोर आहे असे कोणी समजत नाही. पण ज्या हाताने लिहिले त्याच हाताने पास केले, तर चूक कोणती आणि लबाडी कोणती हे कळायला मार्ग राहत नाही, म्हणून हा नियम. बी.कॉम.च्या पुस्तकात याला ‘अंतर्गत नियंत्रण’ असे भारदस्त नाव आहे. शाखेतल्या शिपायाला मात्र ते नाव न वाचताही ठाऊक असते.

आता हाच नियम देशाच्या नैसर्गिक वायूच्या, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत गॅसच्या, कारभाराला लावून पाहा. जमिनीखालच्या गॅसचा मालक सरकार. तो काढणाऱ्या ओएनजीसीचा मोठा भागधारक सरकार. तो पाइपलाइनीतून वाहून नेणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीचा, गेलचा, मोठा भागधारकही सरकार. विहिरीवरच्या भावाचे सूत्र ठरवणारे सरकार, स्वस्त गॅस कोणाला किती द्यायचा हे ठरवणारे सरकार, आणि या सगळ्यांवर देखरेख करायला जे नियामक मंडळ आहे त्याचे सदस्य नेमणारेही सरकार. जिथे सरकार नाही तिथे कंपनी आहे. खर्चाचे आकडे मांडणारी कंपनी, आणि शहरातल्या गॅसचा किरकोळ भाव ठरवणारीही कंपनीच. लिहिणारे आणि पास करणारे एकाच टेबलाभोवती बसले आहेत, आणि बिल भरणाऱ्याला त्या खोलीत खुर्ची नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी आकड्यांनिशी मांडणार आहे.

हा विषय आपल्या पत्रिकेत का?

काही वाचक म्हणतील, ही पत्रिका मराठी शाळांसाठी, ग्रंथालयांसाठी, निवडणुकीतल्या आपल्या प्रतिनिधित्वासाठी आहे. इथे गॅसचे काय काम? माझे उत्तर असे, की बडोद्यातला मराठी माणूस इथे पाहुणा म्हणून राहत नाही. गायकवाडांच्या काळापासून तो इथला रहिवासी आहे, करदाता आहे, मतदार आहे. आपण फक्त भाषेच्या प्रश्नावर बोलायचे आणि चुलीच्या प्रश्नावर गप्प बसायचे, तर राजकीय पक्ष आपल्याला गणेशोत्सवाच्या मांडवापुरतेच मोजतील.

शिवाय गॅस हा बडोद्याचा घरचा विषय आहे. खंभातजवळ लुणेजला १९५८ साली तेल लागले, १९६० साली अंकलेश्वरला लागले, १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली. मुंबई-कलकत्त्यात कोळशापासून केलेला गॅस पूर्वीपासून होता. पण विहिरीतला नैसर्गिक वायू पाइपने थेट स्वयंपाकघरात आणण्यात बडोदे देशात अगदी पुढे होते. १९७२ साली आपल्या महानगरपालिकेने ते काम सुरू केले. पुढे २०१३ साली पालिका आणि गेलची उपकंपनी गेल गॅस यांनी मिळून वेगळी कंपनी काढली. अशा संयुक्त कंपन्या इतर शहरांतही आहेत, आणि त्यांत गैर काही नाही. पण पालिकेचा गॅस होता तोवर दराचा जाब नगरसेवकाला विचारता येत होता. कंपनी झाली की जाब विचारायची खिडकी बदलते. देशातल्या कुठल्याही शहरात आज भाव वाढला की नगरसेवक कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी दिल्लीकडे, आणि दिल्ली बाजाराकडे. बाजाराला पत्ता नसतो.

कायदा आला, पण कसा?

हा गोंधळ आपोआप झालेला नाही. गुजरात सरकारने २००१ साली गॅसच्या वहन, पुरवठा आणि वितरणाचे नियमन करणारा स्वतःचा कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २००४ साली तो घटनाबाह्य ठरवला. नैसर्गिक वायू, मग तो द्रवरूप का असेना, केंद्राच्या सूचीतला विषय आहे, राज्याला त्यावर कायदा करता येत नाही, असा निकाल लागला. निकाल मान्य. पण जो विषय राज्याकडून काढून घेतला, तो केंद्राने तरी वेळेवर हाती घ्यावा की नाही?

केंद्राचा पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ कायदा २००६ साली आला. मंडळ २००७ साली स्थापन झाले. आणि मग एक मौज झाली. पाइपलाइन किंवा शहरातले गॅसचे जाळे टाकायला परवानगी देण्याचा अधिकार ज्या कलमात होता, ते कलम १६ अमलातच आणले नाही. बाकीचा कायदा लागू, आणि नेमका तोच अधिकार कुलपात. जानेवारी २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की हे कलम लागू नसेल तर मंडळाला परवानगी देता येणार नाही. त्यानंतर जुलै २०१० मध्ये सरकारने ते लागू केले. म्हणजे कॅशियर नेमला, खुर्ची दिली, नावाची पाटी लावली, आणि तिजोरीची किल्ली जवळजवळ तीन वर्षे साहेबांच्याच खिशात राहिली.

तीन मजली इमारत

सामान्य ग्राहकाला वाटते, गॅसवर नियामक मंडळ आहे म्हणजे भावावर कोणाचे तरी लक्ष आहे. इथेच फसगत होते. गॅसचा भाव तीन मजल्यांवर तयार होतो.

खालचा मजला विहिरीचा. तिथला भाव पेट्रोलियम मंत्रालय ठरवते. मधला मजला मोठ्या पाइपलाइनीचा. तिथले वहनशुल्क नियामक मंडळ ठरवते. वरचा मजला आपल्या शहराचा. तिथला किरकोळ भाव कंपनी ठरवते. मंडळाचा हात चालतो तो फक्त मधल्या मजल्यावर. जिन्याच्या पायथ्याशी मंत्रालय आणि गच्चीवर कंपनी, दोघांनाही ते विचारू शकत नाही.

खालच्या मजल्यावर काय चालते ते पाहा. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने नवे सूत्र आणले. आपल्या विहिरीतल्या गॅसचा भाव अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि रशिया इथल्या भावांच्या सरासरीवर दर सहा महिन्यांनी ठरायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये तो दर दहा लाख बीटीयूला १.७९ डॉलर होता. (गॅस घाऊक बाजारात उष्णतेच्या मापाने विकतात, बीटीयू हे ते माप.) ऑक्टोबर २०२२ मध्ये तो ८.५७ डॉलर झाला. दोन वर्षांत जवळजवळ पावणेपाच पट. अंकलेश्वरची जमीन तीच, विहिरी त्याच, पाइपही तेच. युद्ध झाले युक्रेनमध्ये, आणि भाव वाढला भरूच जिल्ह्यातल्या गॅसचा.

ओरड झाल्यावर किरीट पारीख समिती नेमली गेली, आणि एप्रिल २०२३ पासून सूत्र बदलले. आता भारत विकत घेतो त्या कच्च्या तेलाच्या भावाच्या दहा टक्के, पण जुन्या सरकारी क्षेत्रांच्या गॅससाठी ४ डॉलरच्या खाली नाही आणि ६.५० डॉलरच्या वर नाही. ही वरची मर्यादा एप्रिल २०२५ मध्ये ६.७५ झाली. बदल बरा होता हे मी मान्य करतो. पण सूत्र २०१४ चे असो की २०२३ चे, ते ठरले मंत्रिमंडळात. ज्या सरकारला ओएनजीसीकडून लाभांश आणि स्वामित्वशुल्क मिळते तेच सरकार ओएनजीसीचा भाव ठरवते. बँकेत एखाद्या अधिकाऱ्याने स्वतःच्याच खात्याचा व्याजदर ठरवला तर त्याला दुसऱ्या दिवशी निलंबनाचे पत्र मिळेल.

भाव जसा मंत्रालयाच्या हाती, तसे वाटपही. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहर गॅस कंपन्यांना मिळणाऱ्या स्वस्त देशी गॅसच्या वाट्याला मंत्रालयाने लागोपाठ दोनदा कात्री लावली, दर वेळी साधारण पाचवा हिस्सा. त्या जागी महाग गॅस घ्यावा लागला आणि अनेक शहरांत सीएनजी महागला. रिक्षावाल्याला कळले ते पंपावरच्या आकड्यावरून. या निर्णयापूर्वी कोणाची जाहीर सुनावणी झाली नाही, ग्राहकाला कोणी विचारले नाही.

खर्च मांडणारा आणि मंजूर करणारा

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातले केजी-डी६ हे प्रकरण सगळ्यांनी ऐकलेले आहे, पण हिशेब म्हणून फार थोड्यांनी वाचले आहे. वाणिज्य शाखेच्या माणसाने ते हिशेब म्हणूनच वाचावे.

हे क्षेत्र २००० साली रिलायन्स आणि तिची भागीदार निको यांना मिळाले. करार उत्पादन-वाटणीचा. त्याचा अर्थ असा: कंपनीने आधी आपला खर्च गॅसच्या विक्रीतून वसूल करायचा, उरेल ते सरकार आणि कंपनीने वाटून घ्यायचे. सरकारचा वाटा सुरुवातीला फक्त १० टक्के. कंपनीची वसुली गुंतवणुकीच्या अडीच पट झाली की मग ८५ टक्के. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, की गुंतवणुकीचा आकडा जितका फुगेल तितका सरकारचा ८५ टक्क्यांचा दिवस लांब जाईल. खर्च वाढला तर कंपनीला दुखत नाही, उलट सोयीचे होते.

आता आकडा काय झाला? २००४ च्या आराखड्यात भांडवली खर्च सुमारे २.४ अब्ज डॉलर होता. २००६ च्या सुधारित आराखड्यात तो दोन टप्पे मिळून ८.८ अब्ज डॉलर झाला. उत्पादनाचे उद्दिष्ट रोज ४ कोटी घनमीटरवरून ८ कोटी, म्हणजे दुप्पट, आणि खर्च साडेतीन पटींहून जास्त. हा खर्च मंजूर केला कोणी? करारातल्या व्यवस्थापन समितीने. त्या समितीत सरकारचे प्रतिनिधी आणि ठेकेदाराचे प्रतिनिधी शेजारीशेजारी बसतात. सरकारच्या बाजूने तांत्रिक सल्ला देणारे हायड्रोकार्बन महासंचालनालय १९९३ साली एका सरकारी ठरावाने निघाले. त्याला संसदेच्या कायद्याचे पाठबळ नाही, आणि तिथले अनेक अधिकारी तेल कंपन्यांतूनच प्रतिनियुक्तीवर येतात. २०११ साली महालेखापालांनी या करारावर आणि त्याच्या देखरेखीवर कडक ताशेरे ओढले. खर्च वाढवण्याला करारच कसे उत्तेजन देतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

आणि गॅस? २०१० साली रोजचे उत्पादन ६ कोटी घनमीटरच्या वर गेले, ८ कोटींचे उद्दिष्ट गाठलेच नाही, आणि मग ते घसरत गेले. त्या मूळ क्षेत्रातले उत्पादन फेब्रुवारी २०२० मध्ये थांबले. वाढीव खर्च मान्य करायचा की नाही यावर सरकार आणि कंपनी लवादात गेले. म्हणजे सरकार आधी व्यवस्थापन समितीत बसून आराखडा मंजूर करते, आणि नंतर लवादापुढे उभे राहून खर्च अमान्य म्हणते. व्हाउचर पास करताना डोळे मिटायचे आणि ऑडिट आल्यावर उघडायचे, असा हा कारभार.

भावाचीही हीच गोष्ट. सुरतजवळचे कवास आणि भरूच जिल्ह्यातले गंधार ही एनटीपीसीची दोन वीज केंद्रे. त्यांच्या विस्तारासाठी २००४ साली रिलायन्सने २.३४ डॉलरची बोली लावली. करारावरून वाद झाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २००७ साली कंपनीने ४.३३ डॉलरचा भाव सुचवला, मंत्रिगटाने तो ४.२० केला. जाहिरातीत छापतात तशी ही घासाघीस: १३ सेंट कमी केले म्हणून सरकार खूश, आणि २.३४ चे ४.२० झाले म्हणून कंपनीही खूश. त्या वर्षी नियामक मंडळ जन्मत होते. पण कायद्याने विहिरीवरचा भाव त्याच्या कक्षेतच नव्हता.

२०१६ साली सरकारने नव्या क्षेत्रांसाठी खर्चवसुलीची पद्धत सोडून थेट महसुलातल्या वाट्याची पद्धत आणली. म्हणजे आधीच्या पद्धतीत खोट होती हे सरकारनेच कबूल केले. पण ती खोट दाखवायला महालेखापालांना यावे लागले. नियमनाची जी व्यवस्था होती तिने ती वेळेवर दाखवली नाही.

मंडळाने हात उगारला, तो हवेतच राहिला

वरच्या मजल्याची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. एप्रिल २०१२ मध्ये नियामक मंडळाने दिल्लीच्या इंद्रप्रस्थ गॅसचा हिशेब तपासला आणि आदेश काढला. शहरातल्या जाळ्याचे शुल्क दहा लाख बीटीयूला १०४.०५ रुपये धरले होते, मंडळ म्हणाले ३८.५८ पुरे. सीएनजी दाबून भरण्याचे शुल्क किलोला ६.६६ रुपये होते, मंडळ म्हणाले २.७५ पुरे. म्हणजे एका शुल्कात ६० टक्क्यांहून अधिक आणि दुसऱ्यात साठच्या आसपास कपात.

कंपनी उच्च न्यायालयात गेली. १ जून २०१२ रोजी तो आदेश रद्द झाला. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मंडळाचे अपील फेटाळले. जी कंपनी स्वतःचा गॅस स्वतःच्या पाइपने स्वतःच्या ग्राहकाला विकते तिचे शुल्क किंवा किरकोळ भाव ठरवण्याचा अधिकार मूळ कायद्याने मंडळाला दिलेलाच नाही, आणि जे कायद्यात नाही ते नियमांत आणता येत नाही, असा त्याचा अर्थ. न्यायालयाचा दोष नाही. न्यायालय कायदा वाचते. कायदा लिहिणाऱ्यांनी ती जागा रिकामी ठेवली, आणि पुढची दहा वर्षे ती रिकामीच राहिली.

या रिकाम्या जागेचा परिणाम लिलावातही दिसला. २०१८ पूर्वीच्या काही फेऱ्यांत शहरांचे हक्क मिळवण्यासाठी कंपन्यांनी जाळ्याच्या शुल्काची बोली एका पैशापर्यंत खाली नेली. एक पैशात कोणी शहर खणून पाइप टाकेल का? टाकेल, कारण किरकोळ भाव मोकळा आहे. उजव्या हाताने दान, डाव्या हाताने वसुली. २०१८ च्या फेरीपासून शुल्काला ३० रुपयांचा तळ घालावा लागला. म्हणजे बोली हे नाटक झाले होते, हे मंडळालाही पटले.

पंच आणि खेळाडू

मंडळाने सगळ्यांना सारखे वागवावे ही अपेक्षा. पण मैदानात कोण आहे ते बघा. इंद्रप्रस्थ गॅसमध्ये गेल, भारत पेट्रोलियम आणि दिल्ली सरकार यांचे भाग. मुंबईच्या महानगर गॅसमध्ये गेलचे आणि महाराष्ट्र सरकारचे भाग. आपल्याकडे २०१३ साली ब्रिटिश कंपनी बीजीचा गुजरात गॅसमधला ६५.१२ टक्के हिस्सा गुजरात सरकारच्या जीएसपीसी समूहाने घेतला. गेल पाइपलाइन चालवते आणि त्याच पाइपलाइनीतून स्वतःचा गॅसही विकते. म्हणजे हमरस्त्याचा टोलनाका आणि रस्त्यावरचा सर्वांत मोठा ट्रकवाला एकच. ही दोन कामे वेगळी करावीत अशी चर्चा अनेक वर्षे झाली, कामे एकाच कंपनीत राहिली.

मग पंच कोठून येतात? २०१७ च्या अखेरीस मंडळाच्या अध्यक्षपदी डी. के. सराफ आले. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत ते ओएनजीसीचे अध्यक्ष होते. त्यांच्या सचोटीविषयी मला शंका घ्यायची नाही. प्रश्न माणसाचा नाही, पद्धतीचा आहे. बँकेत शाखाधिकाऱ्याला बदलीनंतर लगेच त्याच शाखेचा ऑडिटर करत नाहीत, ते तो लबाड आहे म्हणून नव्हे. आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांची मुदत संपल्यावर काय झाले? दीड वर्षाच्या आसपास मंडळाला अध्यक्षच नव्हता. याच काळात विहिरीवरचा भाव १.७९ वरून ६.१० डॉलरवर गेला. पंच जवळचा असला तरी चालतो, आणि नसला तरी चालतो, असा याचा अर्थ ग्राहकाने घ्यायचा का?

राज्य सरकारेही यात मागे नाहीत. गॅस जीएसटीच्या बाहेर ठेवला, म्हणजे व्हॅट राज्याच्या हाती. गुजरातमध्ये सीएनजी आणि पाइप गॅसवर १५ टक्के व्हॅट होता. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये १० टक्क्यांनी कमी झाला. विधानसभेचे मतदान डिसेंबर २०२२ मध्ये होते. सुज्ञास अधिक सांगणे न लगे.

त्यांचे म्हणणेही ऐकू

समोरच्या बाजूचे तीन मुद्दे नेहमी असतात. पहिला: गॅस हा तांत्रिक विषय, उद्योगातल्या माणसांशिवाय नियम करता येणार नाहीत. बरोबर आहे. पाइपची जाडी किती, झडप किती अंतरावर, गळती कशी शोधायची, हे अभियंत्यांनीच ठरवावे, आणि अभियंते कंपन्यांतूनच येणार. पण सुरक्षेचे मानक ठरवणे वेगळे आणि नफ्याचे प्रमाण ठरवणे वेगळे. पहिल्या कामाला जाणकार लागतो, दुसऱ्याला तटस्थ माणूस लागतो.

दुसरा: भाव बांधले तर गुंतवणूक आटते. हेही काही अंशी खरे आहे. १.७९ डॉलरला खोल समुद्रात कोणी विहीर खणणार नाही. पण मी भाव बांधा म्हणतच नाही. मी हिशेब दाखवा म्हणतो. हिशेब दाखवल्याने ज्याची गुंतवणूक पळून जाते, त्याची गुंतवणूक कसली होती?

तिसरा: स्पर्धा आली की सगळे ठीक होईल. कायद्याचे वचन तेच होते. शहरातल्या कंपनीला विक्रीची मक्तेदारी ठराविक वर्षे, आधी पाच, नंतरच्या फेऱ्यांत आठ, आणि मग दुसऱ्यांना दार उघडे. ज्या शहरांत ती मुदत केव्हाच सरली तिथेही घरगुती गॅस विकायला दुसरा विक्रेता दारात उभा राहिल्याचे आपल्यापैकी कोणी पाहिले आहे का? ज्याच्या बाबतीत ग्राहकाला दुकान बदलता येत नाही, त्याला बाजारभाव म्हणू नये.

मागणे फार नाही

आता उपाय. माझ्या मते तो नवा शोधायचीही गरज नाही, आपल्याच देशात दोन ठिकाणी चालू आहे.

पहिले उदाहरण विजेचे. आपल्या भागातली वीज कंपनी, मध्य गुजरात वीज, दर ठरवून घ्यायला राज्य वीज नियामक आयोगाकडे अर्ज करते. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तो अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात, आणि आयोगाला कारणे देऊन निर्णय करावा लागतो. एकाच स्वयंपाकघरात दिव्याच्या दरावर सुनावणी आणि शेगडीच्या दरावर नाही, हे कोणत्या न्यायाने?

दुसरे उदाहरण आमच्या बँकांचे. रिझर्व्ह बँकेने कर्जाचा दर बांधून दिलेला नाही. पण ऑक्टोबर २०१९ पासून गृहकर्जासारखी बदलत्या दराची नवी किरकोळ कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या, सर्वांना दिसणाऱ्या दराशी जोडायला लावली. मूळ दर एवढा, त्यावर बँकेचा वाटा एवढा, असे ग्राहकाला कळते. बँका बुडाल्या नाहीत. गॅस कंपन्याही बुडणार नाहीत.

म्हणून मागण्या चार. एक, प्रत्येक गॅस बिलावर भाव फोडून छापावा: देशी गॅस किती, आयात किती, वहनशुल्क किती, जाळ्याचे शुल्क किती, कर किती, कंपनीचा वाटा किती. दोन, जिथे दुसरा विक्रेता नाही तिथे किरकोळ भावाची जाहीर सुनावणी घेण्याचा अधिकार कायदा दुरुस्त करून नियामक मंडळाला द्यावा. तीन, कंपनी सोडल्यावर मंडळावर येण्याआधी आणि मंडळ सोडल्यावर कंपनीत जाण्याआधी ठराविक वर्षांचे अंतर असावे, आणि पद रिकामे होण्यापूर्वीच नवी नेमणूक व्हावी. चार, गेलची पाइपलाइन आणि गेलची विक्री वेगळ्या कंपन्यांत असावी.

तोपर्यंत घरी एक हिशेब करून पाहा. दहा लाख बीटीयू म्हणजे ढोबळमानाने २७ घनमीटर गॅस. २०२३ मधला ६.५० डॉलरचा भाव आणि ८३ रुपयांचा डॉलर धरला, तर विहिरीवर गॅस घनमीटरला सुमारे २० रुपये पडतो. त्या वर्षाचे बिल काढा आणि घनमीटरचा दर बघा. वीस रुपये वजा जाता उरलेल्या रकमेत आयात गॅसचा जादा भाव आहे, वाहतूक आहे, देखभाल आहे, कर आहे आणि नफाही आहे. यांतले प्रत्येक किती, ते बिलावर लिहिलेले नाही. घाऊक भाव डॉलर आणि बीटीयूत, घरचे बिल घनमीटरात, गाडीचा गॅस किलोत. तीन मापे ठेवली की गिऱ्हाईक हिशेब करायच्या भानगडीत पडत नाही.

पडावे, एवढीच विनंती. नियामक मंडळ आपल्या नियमांचे मसुदे प्रसिद्ध करते आणि त्यांवर कोणालाही मत कळवता येते. कंपन्यांकडे त्यासाठी वकील आणि सल्लागार असतात. आपल्या मंडळात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, लेखापाल आहेत, रिफायनरीतले निवृत्त अभियंते आहेत, वकील आहेत. या चौघांची एक छोटी समिती नेमावी, वरच्या चार मागण्यांचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडावा, आणि तो गुजराती, हिंदी व इंग्रजीत करून नियामक मंडळाला, आपल्या खासदारांना आणि शहरातल्या ग्राहक संघटनांना पाठवावा. हा प्रश्न एकट्या मराठी माणसाचा नाही. म्हणूनच मराठी माणसाने तो आधी उचलला तर शोभेल. येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, दारातच एक प्रश्न विचारावा: विजेच्या दरावर सुनावणी होते, गॅसच्या दरावर का नाही? उत्तर लिहून घ्यावे, तारीख घालावी, आणि सही मागावी.